सायकलवाला रस्त्याचे पैसे भरतो का?



गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. हनुक्का उलटून दोन आठवडे झाले असतील. माझी थोरली बहीण औषधाच्या दुकानातून बाहेर पडली आणि मिद्राख्यावर, म्हणजे फुटपाथवर, पाच पावलं चालली असेल-नसेल, तोच मागून एक इलेक्ट्रिक सायकल येऊन तिच्यावर आदळली. ताई एक्क्याऐंशी वर्षांची. खुब्याचं हाड मोडलं. सायकलवर सतरा-अठरा वर्षांचा पोरगा, पाठीला जेवण पोचवायची चौकोनी पेटी. तो पळून गेला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यानेच १०१ ला फोन लावला आणि गाडी येईपर्यंत रडत उभा राहिला.

ताई घरी आल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी सगळे तिच्याकडे जमलो. किद्दुश झाला, जेवायला बसलो, आणि विषय निघायचा तो निघालाच. माझा भाचा भडकलेला. आईचं हाड मोडलं तर कोणीही भडकेल. तो म्हणाला, "मामा, हे सायकलवाले रस्त्याला एक अगोरा देत नाहीत. ना अग्रा, ना पेट्रोलवरचा टॅक्स, ना नंबर, ना विमा. आम्ही गाडीवाले सगळं भरतो आणि हे फुकटात फिरतात. यांच्यावर टॅक्स लावला पाहिजे."

समोर माझा नातू बसलेला. तो रमात गानला राहतो आणि रोज सायकलने तेल अवीवला कामावर जातो, साध्या, बिनबॅटरीच्या. तो म्हणाला, "सबा, मी टॅक्स भरत नाही का? माझ्या पगारातून काय कापतात ते दाखवू?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. कारण घरात रस्त्यांतलं मला कळतं असा समज आहे. मी १९६८ साली अलिबागहून आलो, हिब्रू धड येत नव्हतं, आणि जे काम मिळालं ते रस्त्याचं. एका कंत्राटदाराकडे बावीस वर्षं कविशवर डांबर ओतलं, रोलर चालवला, खड्डे भरले. अश्दोद बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर तर उन्हाळेच्या उन्हाळे काढले. रस्ता कशाने मोडतो ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण पैसा कोण भरतो, ह्याचा विचार तोपर्यंत मीही नीट केला नव्हता. मग घरी येऊन बसलो, नातवाकडून थोडी माहिती काढून घेतली आणि हिशेब मांडला. तो तुमच्यापुढे ठेवतो, कारण क्लबातसुद्धा हाच वाद मी दर आठवड्याला ऐकतो.

आधी गाडीवाला काय देतो ते बघू. खोटं कशाला बोलू, खूप देतो. नवी पेट्रोलची गाडी घेतली की खरेदी-कराचा मूळ दर ८३ टक्के. त्यावर माआम, जो २०२५ च्या जानेवारीपासून १८ टक्के झाला. दरवर्षी अग्रा. आणि पेट्रोल भरताना लिटरमागे बलो नावाचा कर, त्यावर पुन्हा माआम. पंपावर आपण जे मोजतो त्यातला अर्ध्याहून जास्त पैसा सरकारचा. भाच्याचा राग त्या बाबतीत समजण्यासारखा आहे.

पण हा पैसा जातो कुठे? इथेच बहुतेकांची समजूत चुकते. आपल्याला वाटतं की अग्रा आणि बलो एका वेगळ्या डब्यात पडतात आणि त्या डब्यातून रस्ते होतात. तसा डबा नाही. हा सगळा पैसा सरकारच्या एकाच मोठ्या तिजोरीत जातो. त्याच तिजोरीतून शाळा, फौज, दवाखाने, आपलं पेन्शन आणि रस्तेही. तिच्यात माझ्या पावावरचा माआम पडतो, नातवाचा इन्कम टॅक्स पडतो, ताईने औषधाबरोबर घेतलेल्या साबणावरचाही पडतो. "हा रस्ता माझ्या पेट्रोलच्या पैशाचा" असं कोणालाच म्हणता येत नाही.

इंग्लंडमध्ये आपले बरेच नातेवाईक आहेत. तिथेही गाडीवाले सायकलवाल्यावर ओरडतात की तुम्ही 'रोड टॅक्स' भरत नाही. पण तिथला रस्त्यासाठी राखून ठेवलेला कर १९३७ सालीच बंद झाला. पुढे जो भरला जातो तो गाडीवरचा कर, आणि नव्या गाड्यांवर तो धुराच्या हिशेबाने बसवला गेला. लोकांच्या तोंडी मात्र जुनं नाव राहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता कुठला. दोन शहरांमधला मोठा रस्ता सरकारी कंपनी सांभाळते. आपल्या वेळी तिला मआत्स म्हणायचे, आता नेतिवेई इस्राएल. कविश शेशवर टोल आहे, आणि तिथे सायकलला मज्जावच आहे. पण सायकलवाला जिथे खरोखर फिरतो त्या आपल्या गल्ल्या, बाजार, शाळेसमोरचा रस्ता, हे इरियाचे. इरियाला मंत्रालयाकडून काही मिळतं, पण तिची मोठी कमाई अर्नोना. आणि अर्नोना घराच्या मीटरवर लागतो, गाडीवर नाही. माझ्याकडे गाडी नाही, कधीच नव्हती. मी रव-काव घेऊन बसने फिरतो आणि बाकी पायी. तरी अर्नोना भरतोच, म्हाताऱ्यांची सवलत धरून. मग मी रस्त्याचे पैसे भरत नाही का? ताई भरत नाही का? मिद्राखा, त्यावरचा दिवा, कोपऱ्यावरचा रमझोर, हे सगळं रस्त्यातच आलं. "गाडी नाही म्हणजे पैसे नाहीत" असं धरलं तर सायकलवाल्याच्या आधी आपण म्हातारी माणसं फुकटी ठरतो.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "बरं मामा, पण जास्त तर आम्हीच देतो ना?" मी विचारलं, "तुझी गाडी कुठली?" तो गप्प झाला, मग हसायला लागला. दोन वर्षांपूर्वी त्याने विजेवरची गाडी घेतलीय. म्हणजे बलो शून्य. असल्या गाड्यांवर खरेदी-करही २०२२ अखेरपर्यंत फक्त १० टक्के होता, मग तो टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. खजिन्याच्या लोकांना ही चिंता आहेच, म्हणून तर विजेच्या गाड्यांवर किलोमीटरमागे १५ अगोरोत घ्यायची सूचना पुढे आली. पेट्रोलवर न चालणारं वाहन फुकटं, असं म्हटलं तर त्याची दोन टनाची गाडी माझ्या नातवाच्या सायकलच्या शेजारीच उभी राहते.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. रस्ता मोडतो कशाने?

आम्ही मजूर लोक पुस्तकं वाचलेले नव्हतो, पण बंदराचा रस्ता आणि वस्तीतला रस्ता ह्यांतला फरक आम्हाला ठाऊक होता. वस्तीतला रस्ता एकदा नीट केला की वर्षानुवर्षं बघायला नको. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर मात्र जिथे कंटेनरचे ट्रक ब्रेक मारतात, रमझोरच्या आधीचे पन्नास मीटर, तिथे डांबर लोण्यासारखं सरकायचं. चाकांच्या दोन नाल्या पडायच्या. हाताने मोजल्या तर चार बोटं खोल. आम्ही खरवडून काढायचो, नवा थर द्यायचो, दोन उन्हाळ्यांत परत तेच. तिथे सायकलीने खड्डा पाडलेला मी बावीस वर्षांत एकदाही बघितला नाही.

ह्याचं गणित अमेरिकेत केलेलं आहे. १९५८ ते १९६० ह्या काळात इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्त्यांची गोल वळसे घेणारी रिंगणं बांधली आणि फौजेच्या ड्रायव्हरांनी त्यांवरून वेगवेगळ्या वजनाचे ट्रक महिनोन्‌महिने फिरवले. रस्ता किती झिजतो ते मोजलं. त्यातून एक ठोकळ नियम निघाला. एका एक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. तिप्पट झालं तर एक्क्याऐंशीपट. आकडा स्वतःशीच चार वेळा गुणायचा, असा हा नियम.

आता लावून बघा. दीड टनाची गाडी, दोन एक्सल, एकेकावर ७५० किलो. इलेक्ट्रिक सायकल आणि वर बसलेला पोरगा मिळून १०० किलो, एकेका चाकावर ५०. गाडी पंधरापट जड. पंधरा गुणिले पंधरा गुणिले पंधरा गुणिले पंधरा, झाले पन्नास हजारांच्या वर. म्हणजे गाडी एकदा गेली तर जेवढी झीज होते तेवढी करायला सायकलला पन्नास हजार फेऱ्या माराव्या लागतील. आणि दहा टनाचं एक्सल असलेला ट्रक गाडीच्या साधारण तीस हजारपट झीज करतो. गाडीवाल्याने खरं तर सायकलवाल्याकडे बघून ओरडण्यापेक्षा ट्रककडे बघावं. अर्थात त्या ट्रकमधूनच आपला तांदूळ येतो, ते वेगळं.

हा नियम काही तोरा नाही. रस्ता उन्हाने, पाण्यानेही मोडतो. आणि खर्च फक्त झिजेचा नसतो. जमीन, दिवे, खांब, झाडलोट, पाण्याचा निचरा, ह्यांत सायकलवाल्याचाही वाटा आहे. पण तो त्याच इरियाच्या पैशातून जातो, जे तो घराच्या अर्नोनातून देतो. भाड्याने राहत असला तरी इथे अर्नोना बहुधा भाडेकरूच भरतो. आणि जागेचं म्हणाल तर एक गाडी उभी करायला जेवढी जागा लागते तेवढ्यात दहाएक सायकली मावतात. योम किप्पूरला बघतो ना आपण, सगळा रस्ता पोरांच्या सायकलींनी भरलेला असतो आणि तरी मधून म्हातारा माणूस काठी टेकत चालत जाऊ शकतो. वर्षातला तो एकच दिवस मला रस्त्याची भीती वाटत नाही.

तेव्हा रस्त्याच्या खर्चाचा प्रश्न विचाराल तर माझं उत्तर असं, की सायकलवाला आपला वाटा भरतो, आणि बहुतेक वेळा वापरतो त्यापेक्षा जास्तच भरतो. नातू बरोबर होता.

मग नंबराचा बिल्ला? तोही आपल्याला नवा नाही. अलिबागला माझ्या वडिलांच्या सायकलला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला होता. दरवर्षी पैसे भरायचे, नवा बिल्ला घ्यायचा, हँडलच्या खाली तारेने बांधायचा. नसला तर नगरपालिकेचा माणूस सायकल उचलून न्यायचा. पेण, पनवेल, पुणे, कुठूनही आलेल्यांना हे आठवत असेल, आणि रात्री दिवा नाही म्हणून पोलिसाने हवा सोडली तेही. पुढे बहुतेक ठिकाणी तो कर बंद पडला. माणूस दिवसभर उभा करून चार आण्यांचा बिल्ला वसूल करायचा, ह्यात कोणाच्या हाती काय लागणार? अमेरिकेत हवाईमध्ये सायकल घेतली की एकदाच १५ डॉलर भरून नोंद करतात. ऑरेगन राज्याने २०१८ पासून महागड्या नव्या सायकलीवर १५ डॉलर कर लावला. तेवढ्याने कुठलाही रस्ता होत नाही.

पण स्वित्झर्लंडचा बिल्ला वेगळा होता, आणि तिथेच माझं डोकं थांबलं. तिथे प्रत्येक सायकलला दरवर्षी एक छोटी चिकटपट्टी लावावी लागे. ती रस्त्याच्या कराची नव्हती. ती विम्याची होती. सायकलवाल्याने कोणाला धडक दिली तर त्या माणसाला भरपाई मिळावी म्हणून. २०११ च्या अखेरीस ती बंद केली, कारण तिथल्या बहुतेक घरांकडे तसंही अशी भरपाई देणारा घरगुती विमा होता.

आता ताईकडे परत येऊ. भाच्याच्या बोलण्यात चार गोष्टी होत्या: अग्रा, पेट्रोल, नंबर, विमा. पहिल्या तिन्हींवर आम्ही तासभर भांडलो. चौथी तशीच राहून गेली, आणि ताईसाठी खरी तीच होती.

आपल्याकडे १९७५ चा कायदा आहे, रस्त्यावरच्या अपघातात जखमी झालेल्यांना भरपाई देणारा. गाडीने तुम्हाला धडक दिली तर चूक कोणाची हे सिद्ध करावं लागत नाही. गाडीचा बितुआख खोवा, म्हणजे सक्तीचा विमा, तुमचं नुकसान भरतो. गाडीवाला पळाला किंवा त्याच्याकडे विमा नसला तर कार्नित नावाचा फंड उभा राहतो. गाडीवाला दरवर्षी जो विमा भरतो तो असा तुमच्या-माझ्या हाडांसाठी असतो. सायकलवाल्याला गाडीने उडवलं तर त्यालाही त्यातूनच मिळतं.

पण इलेक्ट्रिक सायकल ह्या कायद्याच्या भाषेत मोटारीचं वाहन नाही. वरच्या कोर्टाने तसं ठरवलेलं आहे. म्हणजे ताईला गाडीने पाडलं असतं तर विमा कंपनी होती. सायकलने पाडलं, तर विमा कंपनी नाही आणि कार्नितही नाही. उरतो तो रडणारा पोरगा. त्याच्यावर दावा लावायचा, त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करायचा, आणि जिंकलं तर त्याच्या खिशातून घ्यायचं. खिशात काय असणार?

ऑपरेशनचा खर्च कुपात खोलीमने केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी हाताखाली बाई ठेवायची, न्हाणीघरात दांड्या बसवायच्या, प्रत्येक तपासणीला टॅक्सी, भाच्याच्या बायकोने कामावरून घेतलेल्या सुट्ट्या, हे कोणी भरलं? ताईने आणि घरच्यांनी. जे सायकलवाल्याने भरलेलं नाही ते हे आहे. खड्ड्याचे पैसे त्याच्याकडे मागू नका. हाडाचे मागा. आणि दोघांकडून सारखेही मागू नका. माझ्या नातवाची साधी सायकल आणि पंचवीस किलोची, मोटार लावलेली, दिवसभर पैशासाठी धावणारी सायकल एक नाही. कायद्याने इलेक्ट्रिक सायकलची मोटार २५० वॅटची आणि वेग ताशी २५ किलोमीटरपर्यंतच, चालवणारा सोळाच्या वर. पण किती जण ती छेडून जास्त पळवतात ते आपण रोज बघतो. जर्मनीत विजेच्या स्कूटरला, आपण जिला कोर्किनेत म्हणतो तिला, २०१९ पासून विम्याची पट्टी लागतेच. ज्यांच्यासाठी हा पोरगा जेवण पोचवतो त्यांनी त्याचा विमा काढावा, असं मला वाटतं. पोरावर टॅक्स लावून ताईला एक शेकेल मिळणार नाही.

भाच्याला हे पटलं का? अर्धं पटलं. तो म्हणतो, नंबर तरी हवाच, नाहीतर पळून जाणारा सापडायचा कसा. ह्यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याचं म्हणणं बरोबर आहे.

आणखी एक. मिद्राख्यावरून सायकल चालवायला बंदी आहे, आखून दिलेला पट्टा सोडून. पण पुष्कळ ठिकाणी सायकलचा पट्टा आखतात तोच मुळी मिद्राख्यावर. रंगाचा डबा आणि ब्रश घेतला की झालं, रस्त्याला हात लावायला नको. म्हणजे गाडीची जागा तशीच राहते आणि सायकलला दिलेली जागा चालणाऱ्यांच्या वाट्यातून जाते. गूश दानमध्ये ओफनीदान नावाने शहरं जोडणारे वेगळे सायकल-रस्ते होतायत. नातू त्याच्या एका तुकड्यावरून जातो, तिथे त्याला कोणी म्हातारं माणूस आडवं येत नाही. आमच्या गावात तसं काही नाही.

तुमच्यावर किंवा घरातल्या कोणावर हा प्रसंग आला तर काय करायचं ते आमच्या चुकांवरून सांगतो. आम्ही त्या पोराचं नाव लिहून घेतलं पण तेऊदत झेहूतचा नंबर घेतला नाही, आणि तो कोणासाठी डिलिव्हरी करत होता हेही विचारलं नाही. दोन्ही घ्या, पेटीचा फोटो काढा. तो कामावर असेल तर त्याला कामावर ठेवणाऱ्याकडेही जाता येतं का, हे वकील बघू शकतो. १०० ला फोन करून पोलिसात नोंद करा, अॅम्ब्युलन्स आली म्हणजे पोलीस आले असं नाही. जवळच्या दुकानदाराचं नाव घ्या, त्याच्याकडे कॅमेरा आहे का विचारा, आणि ते लवकर विचारा, कारण चित्रं पुसली जातात. चालवणाऱ्याच्या घरचा बितुआख दिरा असेल तर त्यात दुसऱ्याच्या नुकसानीची तरतूद आहे का ते विचारा. काहींत असते, काहींत इलेक्ट्रिक सायकल मुद्दाम वगळलेली असते. औषधाच्या, टॅक्सीच्या सगळ्या पावत्या एका पाकिटात ठेवा. दावा लावायला कायद्याने सात वर्षं आहेत, पण आपल्या वयात सात वर्षांचा भरवसा कोणी धरू नये.

ताई आता वॉकर घेऊन खाली बाकापर्यंत जाते. औषधाच्या दुकानात अजून एकटी जात नाही. परवा तो पोरगा फुलं घेऊन दाराशी आला होता म्हणे. ताईने त्याला आत बोलावून चहा दिला आणि विचारलं, रोजचे किती मिळतात. त्याने आकडा सांगितला तो तिने मला सांगितला, आणि म्हणाली, "ह्याच्यावर कुठे रे दावा लावतोस?" वकिलाचा कागद भाच्याच्या घरी पडून आहे. सही ताईची लागणार आहे.